मॉडेल रेल्वेच्या लेआउटवर आपल्याकडचा रस्ता कसा करावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझा लेआउट सातारा जिल्ह्यातल्या एका कल्पनेतल्या स्टेशनचा आहे. प्रमाण एचओ, म्हणजे १:८७. काळ डिझेल इंजिनांचा, महिना जानेवारी, उसाचा गळीत हंगाम जोरात. रूळ, सिग्नल, इंजिनं यांवर लोक फारसं विचारत नाहीत. विचारतात ते फाटकातून जाणाऱ्या वीतभर डांबरी रस्त्याबद्दल. तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाच सगळी उत्तरं लिहून काढली आहेत.

रस्ता किती रुंद ठेवायचा?

नवशिक्याचा रस्ता हमखास जास्त रुंद होतो. आपल्याकडच्या एकेरी रस्त्याची डांबरी रुंदी ३.७५ मीटर धरतात. मधल्या दर्जाचा रस्ता ५.५ मीटर आणि दुपदरी रस्ता ७ मीटर. १:८७ ला हे साधारण ४३, ६३ आणि ८० मिलिमीटर होतात. एन स्केलला (१:१६०) २३, ३४ आणि ४४. ओओ स्केलला (१:७६) ४९, ७२ आणि ९२.

गावाकडच्या स्टेशनला जाणारा रस्ता बहुतेक वेळा एकेरीच असतो. ४३ मिलिमीटरची पट्टी कापून टेबलावर ठेवली की ती फार अरुंद वाटते. तिच्यावर ३० मिलिमीटर रुंद एसटी उभी करून बघा. समोरून दुसरी एसटी आली तर काय होईल? एकीची चाकं खाली उतरणार. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आपली ब्रॉडगेज १:८७ ला १९ मिलिमीटर येते आणि बाजारातला रूळ १६.५ चा. मग रस्ता कुठल्या प्रमाणात?

इंजिनं आणि डबे ज्या प्रमाणात, त्याच प्रमाणात. १६७६ मिलिमीटरच्या गेजला (म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराला) १६.५ चा रूळ वापरला की रुळाच्या हिशेबाने प्रमाण १:१०० च्या आसपास जातं, पण त्या फरकाकडे कोणी बघत नाही. एसटी, माणसं आणि डबे एकमेकांशी जुळले नाहीत तर मात्र लगेच कळतं. जाता जाता: कोणाला बार्शी लाइट, म्हणजे बार्शीची जुनी नॅरोगेज रेल्वे, करायची असेल तर तिचं गेज ७६२ मिलिमीटर होतं. १:८७ ला ते पावणेनऊ मिलिमीटर येतं, म्हणजे एन स्केलचा ९ मिलिमीटरचा रूळ जवळजवळ तंतोतंत बसतो. ब्रॉडगेजवाल्यांना हे सुख नाही.

पाया कशाचा करावा?

मी तीन गोष्टी वापरून पाहिल्या: पुठ्ठा, पीओपी आणि भिंतीला लावतात ती व्हाइट सिमेंटची पुट्टी. आता फक्त पुट्टी वापरतो. पीओपी दहा-पंधरा मिनिटांत आवळतो आणि तेवढ्यात वळणाचा रस्ता नीट ओढून होत नाही. चिमूटभर लिंबूसत्त्व पाण्यात विरघळवलं तर तो सावकाश आवळतो, पण चिमूट मोठी झाली तर दुसऱ्या दिवशीही ओलाच राहतो. पुट्टी निवांत काम करू देते. एका वेळी दीड-दोन मिलिमीटरपेक्षा जाड थर देऊ नका, तडे जातात.

पद्धत सोपी आहे. रस्त्याच्या दोन्ही कडांना २ मिलिमीटरच्या सनबोर्डच्या पट्ट्या तात्पुरत्या टाचायच्या. मध्ये पुट्टी घालायची आणि जाड प्लास्टिकच्या तुकड्याने ओढत न्यायची. या तुकड्याची खालची धार सरळ ठेवू नका. ती मध्ये किंचित खोलगट घासा. पाणी वाहून जावं म्हणून डांबरी रस्त्याला मध्यापासून दोन्हीकडे साधारण अडीच टक्के उतार देतात. ८० मिलिमीटरच्या रस्त्याला मधली उंची १ मिलिमीटर येते, एकेरीला अर्धा. अर्धा मिलिमीटर ऐकायला काहीच नाही, पण बाजूने दिवा टाकला की सपाट रस्ता आणि उताराचा रस्ता यांतला फरक लांबूनही दिसतो.

काचपेपर चिकटवला तर? काळा असतो, खरखरीत असतो.

सरळ रस्ता फूटभर असेल तर चालेल. वळण आलं की कागद तुकड्यात कापावा लागतो आणि जोड झाकता झाकत नाही. शिवाय तो काळा असतो, आणि आपला रस्ता काळा नसतो. त्याबद्दल खाली लिहिलंय.

खडीचा पोत कसा दाखवू? वाळू टाकू का?

आधी हिशेब करा. २० मिलिमीटरची खडी १:८७ ला पाव मिलिमीटरसुद्धा भरत नाही. वरच्या थरातली १० मिलिमीटरची खडी म्हणजे ०.११ मिलिमीटर, साधारण १२० नंबरच्या काचपेपरचा कण. आणि ती खडी डांबरात बुडालेली असते, फक्त तिचे माथे दिसतात. म्हणून हातभर अंतरावरून रस्ता जवळजवळ गुळगुळीत दिसायला हवा. मी सुकलेल्या पुट्टीवर ४०० नंबरचा पेपर हलक्या हाताने फिरवतो आणि रंग स्पंजने टिपतो. एवढा पोत पुरतो.

वाळू लागते ती उखडलेल्या जागी आणि कडेला. नुसती वाळू जाड पडते, ती मलमलच्या फडक्यातून गाळून घ्या. रांगोळीही उत्तम. पांढरी रांगोळी थोड्या काळ्या रंगात घोळवून वाळवली की झकास खडी होते, आणि बाजारात मिळणारी विटकरी रांगोळी मुरुमाच्या मिश्रणात चालते. परदेशी पाकिटातल्या खडीला माझा विरोध नाही, पण पाव किलो रांगोळीत माझं आख्खं स्टेशन झालं.

डांबराचा रंग नेमका कोणता?

काळा सोडून बाकी जवळजवळ कोणताही. आत्ताच रोलर फिरून गेलेला रस्ता तेवढा काळा. डांबर उन्हाने विटतं, टायरने घासलं जातं, खालची खडी उघडी पडते, आणि मग रस्त्याला त्या खडीचा रंग येतो. देशावर खडी बेसाल्टची, म्हणजे निळसर करडी. तिच्यावर धूळ. दोन-तीन उन्हाळे खाल्लेला रस्ता दुपारी बाराच्या उन्हात जवळपास राखाडी-पांढरट दिसतो. पटत नसेल तर मोबाइलवर फोटो काढा, त्यातला रस्त्याचा चौकोन मोठा करा आणि शेजारी काळा कागद धरा.

माझं मिश्रण पांढरा, काळा आणि बर्न्ट अंबर (गडद तपकिरी), सगळे अॅक्रिलिक. आधी पांढरा घ्यायचा आणि त्यात काळा थेंब-थेंब घालत जायचं. उलट केलं तर पांढऱ्याची अख्खी ट्यूब संपते. वाटतं त्यापेक्षा दोन छटा फिकट थांबा. छोट्या वस्तूवर गडद रंग आणखी गडद दिसतो, आणि खोलीतला दिवा सूर्य नव्हे.

एकच छटा सगळीकडे लावली की रस्ता पत्र्यासारखा दिसतो. मी तीन छटा करून ठेवतो आणि ओल्यात ओलं टिपतो. मग वाहतुकीच्या खुणा: चाकं जातात तिथे दोन किंचित गडद, गुळगुळीत पट्टे. त्यांच्या मधोमध तेल गळल्याची अस्पष्ट रेघ. ही रेघ वाहनं थांबतात तिथे, म्हणजे फाटकाच्या अलीकडे आणि एसटीच्या थांब्यावर, ठळक होते. कोळशाची किंवा ड्राय पेस्टलची पूड बोटाने घासायची. वर मॅट व्हार्निश मारणार असाल तर पूड जरा जास्त लावा, कारण व्हार्निश लागलं की फिकट पूड निम्मी गायब होते. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मला वाटलं होतं की मी पूड लावायलाच विसरलो.

रंग, पोत सगळं जमलं, तरी रस्ता विलायती का दिसतो?

कडांमुळे. मॉडेल रेल्वेच्या व्हिडिओत बहुतेक रस्ते जर्मनीतले, इंग्लंडातले किंवा अमेरिकेतले असतात. तिथे डांबर संपतं तिथे दगडी कड असते किंवा गवत असतं, आणि सीमा सुरीने कापल्यासारखी. आपल्याकडे डांबर आणि माती यांच्यामध्ये साइडपट्टी असते, आणि लेआउटवर मी सगळ्यात जास्त वेळ तिच्यावर घालवतो.

मघाशी समोरासमोर आलेल्या दोन एसट्या आठवा. एकीने चाकं खाली घातली. हे दिवसातून शंभरदा झालं की डांबराची कड तुटते. सरळ रेघेत तुटत नाही, नखाने कुरतडलेल्या पापडासारखी तुटते: कुठे बोटभर आत, कुठे शाबूत. तुटकी कड दर थोड्या अंतरावर सारखी केलीत तर ती नक्षी होते. वळणाच्या आतल्या बाजूला जास्त तोडा, कारण ट्रॉलीचं मागचं चाक तिथूनच जातं. मोठ्या झाडाशेजारी शाबूत ठेवा, तिथे कोणी गाडी खाली घालत नाही.

दुसरी गोष्ट उंचीची. जुन्या थरावरच नवा थर टाकत गेल्याने रस्ता साइडपट्टीपेक्षा वर येत जातो. खऱ्या रस्त्यावरची चार बोटं म्हणजे लेआउटवर जेमतेम १ मिलिमीटर. पुट्टी वाळल्यावर सनबोर्डच्या पट्ट्या काढल्या की ही पायरी आपोआप मिळते. ती सगळीकडे बुजवू नका.

साइडपट्टीला मुरूम. बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), पिवळी माती आणि करडा यांच्यामधला रंग. गाळलेली माती, थोडी रांगोळी आणि पाण्यात सैल केलेलं फेव्हिकॉल, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब. मुरूम सुकला की त्याची कोरडी पूड ब्रशने डांबराच्या कडेवर आणा, बोटभर रुंदीत. आपल्या रस्त्यावर डांबर अमुक ठिकाणी संपलं असं बोट दाखवून सांगता येत नाही, आणि नेमकं तेच साधायचं आहे. पलीकडे काळी माती, वेड्या बाभळी, पाण्याचा चर.

मग झाडं. रस्त्याकडेच्या वडाच्या आणि चिंचेच्या बुंध्यांना गेरू आणि चुन्याचे पट्टे. माझ्या लेआउटवर येणारा पाहुणा इंजिनाकडे बघायच्या आधी या पट्ट्यांकडे बघून हसतो आणि म्हणतो, "हे तर आपल्याकडचं!" किलोमीटरचा दगड लावणार असाल तर माथ्याचा रंग तपासा: राष्ट्रीय महामार्गाला पिवळा, राज्य मार्गाला हिरवा. दोन्ही एकाच रस्त्यावर लावलेला एक लेआउट मी पाहिला आहे. मालक हजर होता, म्हणून गप्प बसलो.

खड्डे कसे करायचे?

पुट्टी अर्धवट वाळलेली असताना दात कोरायच्या काडीने उकरा. खोली १ मिलिमीटर पुरे. कडा धारदार हव्यात, तळाला खालच्या थराची खडी आणि उडालेली खडी खड्ड्याच्या पुढे, वाहतूक जाते त्या दिशेला. खड्डा एकटा नसतो. एकाशेजारी दुसरा होतो, आणि मग चाकांच्या खुणा त्यांना वळसा घालून जातात. हा वळसा दाखवलात तर खड्डा खरा वाटतो.

पावसाळा दाखवायचा असेल तर तळाला पारदर्शक रेझिनचा थेंब. पाणी निळं करू नका. थेंबात कणभर बर्न्ट अंबर घातलं की टपरीवरच्या चहाचा रंग येतो, तोच बरोबर.

खड्ड्यांपेक्षाही ठिगळं जास्त दाखवा. बुजवलेल्या जागी डांबर नवं, म्हणून गडद, आणि किंचित फुगीर. गावात शिरल्यावर नळासाठी आडवा खोदलेला चर आणि त्यावर बसलेली, खचलेली पट्टी. एवढं केलंत की कोणी पोत तपासायला वाकत नाही.

पांढरे पट्टे?

गावच्या रस्त्याला नकोच. दुपदरी रस्त्याला करायचे तर १० सेंटिमीटरची रेघ १:८७ ला जेमतेम १.१५ मिलिमीटर येते. बहुतेक लेआउटांवर ती तिप्पट जाड असते. मास्किंग टेप दोन बाजूंनी लावा आणि जवळजवळ कोरड्या स्पंजने मळकट पांढरा टिपा. तुटक रेघांत मोकळी जागा रेघेपेक्षा लांब असते, हे विसरू नका. चाकांच्या पट्ट्यांवर आलेला रंग नंतर ४०० च्या पेपरने पुसट करा.

फाटकातला रस्ता करताना गाडी घसरते, कधी शॉर्ट होते. काय चुकतं?

तीन गोष्टी चुकतात, आणि मी तिन्ही केल्या आहेत.

पहिली उंची. दोन रुळांमधला रस्ता रुळाच्या माथ्याच्या बरोबरीला आणला की रूळ पुसताना फडकं पुट्टीवर घासतं आणि पांढरी भुकटी रुळावर बसते. इंजिन अडखळलं की आपण मोटर उघडून बसतो. रस्ता माथ्यापेक्षा अर्धा मिलिमीटर खाली ठेवा.

दुसरी फट. चाकाची कड रुळाच्या आतून जाते, तिला जागा लागते. खऱ्या फाटकात त्यासाठी आतल्या बाजूने चेक रेल असतो. मी जुन्या रुळाचे तुकडे लावतो. ते रुळाला टेकले तर दोन्ही बाजू मिळून शॉर्ट होण्याची भीती असते, म्हणून कडेला प्लास्टिकची पट्टी लावणं जास्त निर्धास्त. पुट्टी ओली असताना सगळ्यात जड डबा हाताने पाच-सहा वेळा ढकलून न्या. जिथे चाक उचललं जाईल तिथे लगेच खरवडा. आणि पुट्टी पूर्ण वाळेपर्यंत रुळात वीज सोडू नका.

तिसरी चढण. रुळाखाली अंथरलेला कॉर्क, स्लीपर आणि रूळ धरून रुळाचा माथा जमिनीपेक्षा ८-९ मिलिमीटर वर असतो. एवढं चढायला दोन्ही बाजूंना हातभर नाही तरी वीतभर रस्ता द्या, १ ला २० पेक्षा तीव्र नको. नाहीतर एसटीचं पोट रुळावर टेकतं. रुळाला लागून दोन्हीकडे थोडा सपाट भागही ठेवा.

फाटकाचा तपशील काळावर अवलंबून आहे. देशातल्या ब्रॉडगेजवरची मानवरहित फाटकं जानेवारी २०१९ अखेर संपली. म्हणजे त्यानंतरचा लेआउट असेल तर गेटमनची गुमटी, वर जाणारे दांडे आणि त्यांच्या मध्यावरची लाल थाळी हवीच. त्याआधीचा असेल तर उघडं फाटक चालेल. विजेची लाइन असेल तर रस्त्यावर दोन्हीकडे उंचीची चौकट लागते. ती ४.६७ मीटरवर, म्हणजे लेआउटवर साधारण ५४ मिलिमीटरवर. रुळाकडेला 'सी/फा' (सीटी/फाटक) लिहिलेली पिवळी पाटी लावा, पण फाटकापासून बरीच लांब. ती ड्रायव्हरला शिट्टी वाजवायची आठवण आहे, फाटकाची सजावट नाही. रुळांमधला पृष्ठभाग डांबराऐवजी सिमेंटच्या ठोकळ्यांचा दाखवलात तर आणखी चांगलं. पातळ पुठ्ठ्यावर षटकोन कोरून घ्या.

स्पीडब्रेकर?

फाटकाच्या दोन्हीकडे एकेक. गोलसर उंचवट्याचं अधिकृत माप ३.७ मीटर लांब आणि १० सेंटिमीटर उंच, म्हणजे ४२ मिलिमीटरवर १.१५ मिलिमीटर. गावकऱ्यांनी स्वतः केलेला असेल तर कुठलंही माप चालतं, उंच आणि टोकदार.

सिमेंटचा रस्ता सोपा ना?

सोपा आहे, म्हणून लोक कंटाळवाणा करतात. रंग फिकट, पिवळसर करडा. दर साडेचार मीटरला आडवा सांधा, म्हणजे ५२ मिलिमीटरवर सुरीची एक रेघ. सांध्यात डांबरी काळा रंग भरून पुसा, प्रत्येक चौकोनाची छटा किंचित वेगळी ठेवा, आणि एखाद्या चौकोनाला तिरका तडा.

माझा लेआउट कोकणातला आहे. यातलं काय बदलेल?

मुरुमाच्या जागी तांबडी माती येईल आणि ती डांबरावरही येईल, कारण पावसाचं पाणी ती वाहून आणतं. धूळ कमी, शेवाळ जास्त. कडेला जांभ्याचा गडगा आणि खोल गटार. कडांवर गवत चढलेलं, त्यामुळे रस्ता आहे त्याहून अरुंद दिसतो. माथेरान करणाऱ्यांची गंमत वेगळीच. १९०७ सालची दोन फुटी लाइन आणि वर गावात मोटारींना बंदी. तिथे डांबराचा विचारच सोडा. घोड्यांच्या टापांनी भुसभुशीत झालेली तांबडी वाट करा.

पावसाळ्यात रस्ता उचलला गेला. का?

खाली पुठ्ठा किंवा उघडं एमडीएफ असणार. दोन्ही पाणी पितात. पुट्टी लावण्याआधी पायाला दोन्ही बाजूंनी, कापलेल्या कडांसकट, व्हार्निश मारा. फक्त वरून मारलं तर फळी वाकतेच. गव्हाच्या खळीने चिकटवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. माझ्या पहिल्या रस्त्यावर श्रावणात हिरवी बुरशी आली होती, आणि ती प्रमाणाच्या हिशेबाने झुडपाएवढी दिसत होती.

रस्त्यावर काय काय ठेवू?

कमी ठेवा. १:८७ मध्ये आपल्याकडची वाहनं फारशी मिळत नाहीत. थ्रीडी प्रिंट करून घ्यावी लागतात किंवा स्वतः घडवावी लागतात. त्यामुळे जे मिळालं ते सगळं एकाच रस्त्यावर उभं करायचा मोह होतो. माझ्या रस्त्यावर एक लालपरी, उसाची एक ट्रॉली आणि फाटकाशी थांबलेली एक सायकल आहे. ट्रॉलीमागे पन्नासेक मिलिमीटर सोडून ब्रशचे दोन वाळके केस तोडून टाकले आहेत. तो पडलेला ऊस. सायकलवाला त्याच्याकडे बघतोय.

झालेला रस्ता साफ कसा करू?

मऊ ब्रशने, आणि फक्त रूळ. रस्त्यावर बसलेली खरी धूळ मी दोन वर्षं पुसलेली नाही.